हरभऱ्याचा पंचनामा

४ जानेवारी २०२२, मंगळवार. सकाळी साडेसहाला वावरात पोचलो तेव्हा धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, सगळं हिरवंच दिसत होतं. हरभऱ्यावरचं दव साधं नसतं, त्यात आंब असते. तासातून चाललं की पॅण्ट टोंगळ्यापर्यंत ओली होते आणि थोड्या वेळाने पाय चुणचुणायला लागतात. त्या दिवशी दहा-बारा पावलं आत गेलो तरी पॅण्ट कोरडी. तेव्हा खाली वाकून पाहिलं.

झाडं होती, पण नुसते खुंट. वरचा शेंडा, फुलं, नुकते धरलेले घाटे, सगळं ओरबाडून नेलेलं. मधल्या पट्ट्यात तर खुंटही नव्हते, डुकरांनी नांगर फिरवल्यागत माती उलटी केली होती. आमचं गाव नागपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला. जंगल शेवटच्या धुऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य तिथून लांब नाही, त्यामुळे हरणं, रोही, रानडुकरं तर रोजचीच आणि वाघही अधूनमधून. नीलगाय हा शब्द आम्ही पेपरात वाचतो, बोलताना ती रोहीच.

दोन एकरात जॅकी जातीचा हरभरा पेरला होता, सोयाबीन निघाल्यावर. साठ दिवसांचा झाला होता. त्याआधीच्या पंचेचाळीस रात्री मी आणि आमचा सालगडी आलटून पालटून मांडवावर जागल करत होतो. ज्या रात्री हे झालं त्या रात्री मांडवावर कोणी नव्हतं. गावातल्या एकाच्या घरी बारसं होतं, जेवण उशिरा झालं, थंडी मरणाची, म्हटलं एक रात्र काय होतं.

पहिली गोष्ट मी केली ती चुकीची. खराट्याने नाही, पण पायाने तुडवत सगळीकडे फिरलो, शिव्या देत. पुढे वनरक्षक बाईंनी विचारलं, ‘हे बुटाचे ठसे कोणाचे?’ तेव्हा मान खाली घालावी लागली. ज्याला भरपाईचा अर्ज करायचा आहे त्याने आधी धुऱ्यावर उभं राहून फोटो काढावेत आणि मग आत जावं. फोटोत काहीतरी ओळखू येईल असं धरावं: विहीर, विजेचा खांब, बाजूच्याचं बाभळीचं झाड. नुसत्या खाल्लेल्या हरभऱ्याचा फोटो कोणाच्याही वावरातला असू शकतो.

बाजूच्या वावराचे काका आले. बघितलं, तंबाखू मळली आणि म्हणाले, ‘‘कायले अर्ज करतं गा? मी दोनदा केला. चकरा मारू मारू चप्पल गेली. त्यापरीस लाइन सोड रात्री तारेत.’’

हे आमच्याकडे इतक्या सहज बोललं जातं की ऐकणाऱ्याला वाटावं पाणी सोडायची गोष्ट चालली आहे. खांबावरून आकडा टाकून उघड्या तारेत करंट सोडायचा. विदर्भात असे वाघ मेलेत, बैल मेलेत आणि पहाटे पाणी द्यायला निघालेली माणसंही मेलीत, कधी दुसऱ्याच्या तारेवर, कधी स्वतःच्याच. मी काही मोठा प्राणिप्रेमी नाही. त्या सकाळी एखादं रोही समोर आलं असतं तर दगड घातला असता. पण आमच्याकडे तेव्हा कृषी पंपाची वीज आठवड्यातले निम्मे दिवस रात्रीचीच असायची. म्हणजे रात्री ओलीत करणारा माणूस त्याच अंधारात फिरत असायचा. त्या तारेवर पाय पडला तर तो माझाच सालगडी असेल.

म्हणून अर्ज.

पीक विमा होता, पण गारपीट झाली किंवा वावरात पाणी साचलं तर बहात्तर तासांत कळवायचं, एवढीच त्याची आणि माझी ओळख. जनावरांनी खाल्लेलं त्यात बसत नव्हतं. ते वन खात्याकडे. तिथली मुदत तीन दिवसांची. ‘आपले सरकार’वरून अर्ज करता येतो असं सेतू केंद्रातल्या पोराने सांगितलं आणि लगेच दुसऱ्या वाक्यात ‘साइट बंद आहे’ असंही सांगितलं. बुधवार त्यात गेला.

गुरुवारी तिसरा दिवस. कागद घेऊन थेट ऑफिसात गेलो. साहेब फिल्डवर. बाबूने गट नंबर विचारला, भिंतीवरच्या नकाशावर बोट फिरवलं आणि म्हणाले, तुमच्या बाजूचं जंगल आमच्याकडे येत नाही. ही गोष्ट मला चाळीस वर्षं त्या जंगलाच्या कडेला राहून माहीत नव्हती. आपल्यासाठी ते जंगल एकच. कागदावर त्याचे वाटे आहेत: काही वन खात्याच्या प्रादेशिक विभागाकडे, काही वन्यजीव विभागाकडे, काही वनविकास महामंडळाकडे. हरीण एका वाट्यात झोपतं, दुसऱ्यात पाणी पितं आणि माझ्याकडे जेवतं. दुसरं ऑफिस बावीस किलोमीटर. पेट्रोल एकशे दहाच्या घरात. पोचलो तेव्हा सव्वापाच झाले होते, पण तिथल्या माणसाने अर्ज घेतला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून तारीख टाकून दिली. त्या शिक्क्याची पोच मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली, अजून आहे. अर्ज तोंडी सांगून किंवा फोनवर कळवून निघू नये. पोच घेतल्याशिवाय तीन दिवस संपतात, आणि ते संपले की मग वावरात हत्ती आला होता म्हणून सांगितलं तरी उपयोग नाही.

अर्जासोबत सातबारा, आठ-अ, आधार, पासबुकाची झेरॉक्स, फोटो. सातबारा हातात आला तेव्हा दोन खड्डे दिसले.

एक, रब्बीचा रकाना कोरा. त्याच वर्षी, १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली होती. म्हणजे पिकाची नोंद आता तलाठ्याने नाही, शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करायची, वावरात उभं राहून, फोटोसकट. खरिपाला मी केली होती. रब्बीला दोनदा प्रयत्न केला, आमच्या वावरात रेंज विहिरीच्या कठड्यावर उभं राहिल्यावर एक कांडी येते, तेवढ्यात फोटो चढत नाही म्हणून सोडून दिलं. म्हणजे सरकारच्या लेखी माझ्या वावरात हरभरा नव्हताच. जो नव्हता तो हरणांनी खाल्ला कसा? नशिबाने रब्बीची नोंद अजून चालू होती. शुक्रवारी सकाळी गेलो, कठड्यावर चढलो आणि दोन एकरातला जो कोपरा शाबूत होता त्याचा फोटो काढून पाठवला. लग्नाला मुलगी दाखवताना करतात तसं, चांगली बाजू पुढे करून. जनावरांनी खाल्लेल्या पिकाची पाहणी करताना ते पीक चांगलं दिसावं म्हणून धडपडणारा शेतकरी मी एकटाच नसेन.

दुसरा खड्डा जास्त खोल. सातबारा सामाईक. बाबा गेल्यावर आईचं, माझं आणि बहिणीचं नाव लागलं. वाटणी झाली नाही, गरजच पडली नाही. आता पैसे माझ्या खात्यात यायचे तर बाकी दोघींची संमती हवी होती, तेव्हा शंभराच्या स्टॅम्प पेपरवर. आई घरातच. बहीण वर्ध्याला. त्या हिवाळ्यात एसटीचा संप सुरू होता, नोव्हेंबरपासून गाड्या डेपोत उभ्या. बहीण जावयाच्या दुचाकीवर मागे बसून आली, साठ-सत्तर किलोमीटर, जानेवारीच्या थंडीत, स्वेटरवर जावयाचं जॅकेट घालून. सही केली, चहा घेतला, म्हणाली, ‘‘दादा, किती भेटन रे?’’ मी म्हटलं, पंचवीस हजाराच्या वर नाहीच. ती हसली, ‘‘मंग मायं पेट्रोल त्यातून दे.’’ दिलं नाही अजून.

अर्जाच्या नमुन्यात काही प्रश्न असे आहेत की ते वाचताना आपण आरोपी आहोत असं वाटतं. वनजमिनीवर अतिक्रमण आहे का? वन कायद्याखाली गुन्हा दाखल आहे का? आणि एक: जंगलात किती गुरं चरायला जातात? चारापेक्षा जास्त असली तर भरपाई नाही. आमच्याकडे बैलजोडी, एक गाय आणि तिचं वासरू. मी चार लिहिणार तेवढ्यात आई म्हणाली, ‘‘गाभण हाये ते लिही.’’ गाय पुन्हा गाभण होती. मार्चला पाचवं जनावर होणार. मी चारच लिहिलं. यामागचा विचार मला पटतो: तुमची गुरं जंगलातलं गवत खाणार तर हरणं कुठे जातील. पण गावात आता गुरं उरलीत कुठे? ज्वारी होती तेव्हा कडबा होता, कडबा होता तेव्हा गोठे भरलेले. ज्वारी आम्ही २०१२-१३ च्या सुमारास सोडली, कारण डुकरांनी आणि पाखरांनी मिळून घरी यायला काही ठेवलं नाही. मग मका नको, भुईमूग तर नकोच. एकेक पीक सोडत आलो. हे सगळं जनावरांनी खाल्लेलंच आहे, फक्त ते पेरायच्या आधीच. त्याचा रकाना नमुन्यात नाही.

पंचनाम्याला तिघं लागतात: वन खात्याचा माणूस, महसूलचा, कृषीचा. तिघांना एका दिवशी एका वावरात आणणं हे एखाद्या सोयरिकीइतकं अवघड आहे. त्यात त्या जानेवारीत विदर्भात अवकाळी आला, कुठे कुठे गारा पडल्या. तलाठी आणि कृषी सहायक त्या पंचनाम्यांना जुंपले गेले. त्यांची चूक नाही. एकेकाकडे तीन-चार गावं. पण इकडे पावसाने माझे पुरावे धुतले. खूर पुसले. मी रोज सकाळी जाऊन खुंटांना पाहायचो आणि ते थोडे थोडे हिरवे व्हायला लागले होते. पिकाला फुटवा येतोय याचं दुःख झालेला शेतकरी पाहायचा असेल तर तो मी होतो.

१७ जानेवारीला, सोमवारी, तिघं आले. वनरक्षक बाई सगळ्यांत आधी, एकट्या, दुचाकीवर. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, सरळ धुऱ्याच्या कडेने चालत गेल्या आणि दहा मिनिटांनी हाक मारली. बाभळीखाली लेंड्यांचा ढीग होता, काही काळ्या ताज्या, काही वाळून पांढुरक्या झालेल्या. ‘‘रोही एकाच जागी येऊन टाकतो,’’ म्हणाल्या. ‘‘म्हणजे एका रात्रीचा पाहुणा नाही हा. रोज येतोय.’’ मग एक खुंट उपटून माझ्या हातात दिला. टोक पिंजलेलं, दोरा सुटल्यासारखं. हरणाला आणि रोह्याला वरचे पुढचे दात नसतात, ते तोडत नाहीत, ओढून फाडतात. मग चार पावलांवरचा दुसरा खुंट दाखवला. तो तिरपा, साफ, कात्रीने कापल्यासारखा. ‘‘हा ससा. हे तुमच्या अर्जात नाही चालणार.’’ भरपाईच्या यादीत डुक्कर आहे, हरीण आहे, रोही, गवा, माकड, वानर, रानहत्तीसुद्धा आहे. ससा नाही. तोपर्यंत मी समजत होतो की त्या माझ्या विरोधात आहेत. त्यांनी नांगरल्यागत पट्टा बघितला, ओल्या मातीत विहिरीजवळ राहिलेला एक ठसा शोधला, खुराच्या मागे दोन टिकल्या उमटलेल्या. ‘‘डुक्कर,’’ म्हणाल्या, शेजारी पेन ठेवून फोटो घेतला. पावसाने सगळं धुतलं असं मी दहा दिवस रडत होतो, त्यांनी अर्ध्या तासात सगळं गोळा केलं.

खरी झटापट कृषी सहायकांशी झाली. भांडण नाही, वादही नाही, पण टक्क्यांवरून ओढाताण. ते म्हणाले, ‘‘भाऊ, शेंडे खुडले तर हरभऱ्याला फुटवा जास्त येतो. आम्हीच सांगतो ना शेंडे खुडा म्हणून.’’

हे खरं आहे आणि म्हणूनच जास्त लागलं. पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्यात शेंडे खुडले की झाड फांद्या धरतं. माझी आजी खुडलेल्या शेंड्यांची भाजी वाळवून ठेवायची. पण ते फुलाच्या आधी. साठाव्या दिवशी, घाटे धरताना खाल्लेलं झाड फुटतं खरं, पण ते नुसतं पानांनी भरतं आणि घाटे भरेपर्यंत मार्चचं ऊन येतं. मी एक फुटलेलं झाड उपटून त्यांना दिलं. म्हटलं, यावरचे घाटे मोजा, शाबूत कोपऱ्यातल्या झाडाचे मोजा. त्यांनी मोजले. हे मी त्यांच्या बाजूने सांगतो, दुसरा कोणी मोजत बसला नसता. शाबूत झाडावर एकेचाळीस, माझ्या हातातल्यावर नऊ, त्यातले चार पोकळ. ‘‘पण सगळीच अशी नाहीत,’’ म्हणाले. तेही खरं होतं.

शेवटी लिहिलं गेलं ते असं: बाधित क्षेत्र ०.४० हेक्टर, नुकसान ४० टक्के. उत्पादन हेक्टरी १५ क्विंटल धरून त्या क्षेत्राचे सहा क्विंटल, त्यातले दोन क्विंटल चाळीस किलो गेले. त्या हंगामाच्या हमीभावाने, म्हणजे ५,२३० रुपयांनी, १२,५५२ रुपये. २०१५ च्या शासन निर्णयाचा हिशेब तेव्हा चालू होता: दहा हजारांपर्यंत पूर्ण, त्यावरच्या रकमेच्या ८० टक्के, पंचवीस हजारांच्या आत. माझे झाले १२,०४२. हमीभाव धरला हे मात्र माझ्या फायद्याचं, कारण बाजारात तेव्हा हरभरा त्याच्या खालीच विकला जात होता. एकरभर रान गेलं ते माझ्या डोळ्याने चाळीस टक्के नव्हतं, पण डोळ्याचा पंचनामा होत नाही.

तलाठीभाऊंनी सही करताना विचारलं, ‘‘अजून काही म्हणणं आहे?’’ मी म्हटलं, पंचेचाळीस रात्री. त्यांना कळलं नाही. मी सांगितलं नाही. सालगड्याला रात्रीचे वेगळे पैसे, बॅटरीचे सेल, सुतळी बॉम्ब, धुऱ्याभोवती बांधलेल्या आईच्या जुन्या साड्या, दोरीवर टांगलेल्या रिकाम्या बाटल्या, न्हाव्याकडून गोणीभर आणून पसरलेले केस. हे सगळं पीक वाचवण्यासाठी. जेवढं वाचलं त्याची किंमत कोणी विचारत नाही. मुळात जागल चांगली केली तर अर्ज करायला काही उरत नाही. एक रात्र चुकलो, त्या रात्रीचे बारा हजार मिळाले.

तेही लगेच नाही. फेब्रुवारीत हरभरा काढला, दोन एकरात सव्वासात क्विंटल. एप्रिलमध्ये फोन केला तर ‘वर गेलंय’. मेमध्ये ‘निधी आला नाही’. जूनमध्ये पासबुकावरचा आयएफएससी कोड चुकीचा आहे असं कळलं, कारण बँक विलीन झाली होती आणि पासबुक जुनं. नवीन पासबुक दिलं. १९ जुलैला, सोयाबीनची डवरणी चालू असताना, मोबाइल वाजला. डवऱ्यामागे चालता चालता मेसेज वाचला. आईला सांगितलं. ती म्हणाली, ‘‘कोणत्या हरभऱ्याचे?’’

त्या पैशांत दोन हजार घालून झटका मशीन घेतलं. सौर पॅनेल, बॅटरी आणि दोन एकराभोवती तीन पदरी तार. तारेला हात लागला तर जोराचा ठोका बसतो, माणूस मागे फेकल्यागत होतो, पण मरत नाही, जनावरही मरत नाही. जंगलालगतच्या गावांना श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला तेव्हा ७५ टक्के अनुदान होतं, पण गावाचं नाव यादीत यावं लागायचं, आणि आमचं आलं नव्हतं. म्हणून स्वतःचे. तारेखालचं गवत आठवड्याला कापावं लागतं, नाहीतर गवत तारेला टेकून करंट जमिनीत जातो. एवढी एक कटकट सोडली तर २०२२ च्या रब्बीत जागल निम्म्याने कमी झाली. रोही तारेपर्यंत येतो, नाक लावतो, उडी मारून मागे फिरतो. मी मांडवावरून बॅटरीच्या उजेडात पाहिलंय.

मागे फिरतो म्हणजे कुठे जातो, हे मला डिसेंबरात कळलं. पहाटे पाचला काकांचा फोन. तेच काका, लाइन सोड म्हणणारे. ‘‘तुयाकडून हाकललेले समदे मायाकडे आले ना गा. तूर पुरी साफ केली.’’ आवाजात राग होता आणि तो माझ्यावरच होता, आणि मला उत्तर सुचलं नाही. मग जरा थांबून म्हणाले, ‘‘तो अर्ज कसा करायचा म्हनत होता तू?’’

मी म्हटलं, काका, आधी आत जाऊ नका, धुऱ्यावरच थांबा, मी येतो. वाटेत सातबारा विचारला. सामाईक आहे, सहा नावं, त्यातला एक भाऊ सुरतला. संमतीपत्राचा नमुना माझ्या मोबाइलमध्ये होताच, तो त्या भावाला व्हॉट्सअॅपवर पाठवला आणि दोघं मिळून खांबासकट फोटो काढायला लागलो.